सुगतनं ठेवून घेतलेला आवाज

फोन आला तेव्हा मी कापसाच्या जिनिंगमध्ये एका मशीनच्या बेअरिंगला ग्रीस भरत होतो. फोन रंजनाचा होता, माझ्या धाकट्या बहिणीचा. ती सहसा फोन करत नाही, मेसेज करते, कारण तिचा आवाज आता इतका घोगरा आणि बारीक झाला आहे की मशीनच्या गोंगाटात काही कळत नाही. तिनं फोन केला म्हणजे काहीतरी झालं, हे ओळखून मी हात पुसत बाहेर आवारात आलो. "दादा, सुगत गेला," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेला?" खरंच विचारलं. सुगत आयुष्यभर कुठे ना कुठे जातच होता. हिंगणघाटहून पुण्याला, पुण्याहून आणखी कुठे... "अरे, वारला. पुण्याले. सकाळी छातीत दुखलं अन् दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला." मी "बरं" म्हणालो. फोन खिशात ठेवला, आत गेलो आणि राहिलेलं ग्रीस भरून टाकलं. मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत होणार नाही.

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत पुरवण्यांमध्ये त्याच्यावर तीन लेख आले. पायाखालच्या एका पेडलमधून, म्हणजे पायानं दाबायच्या एका छोट्याशा डब्यातून, सगळा वाद्यवृंद उभा करणारा कलावंत, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, तो एकटा स्टेजवर यायचा आणि बघता बघता दहा माणसं वाजवत असल्याचा भास व्हायचा. भास नव्हता तो. त्या दहांमधला ढोलक वाजवणारा मी होतो. आणि त्यात जी बाई आलाप घ्यायची, ती माझी बहीण होती. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो असताना मी काही बोललो नाही, बोललो असतो तर कोणी ऐकलंही नसतं. आता तरी बोलू द्या.

आमच्या बाबांची गायन पार्टी होती. एप्रिल उजाडला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे, ते बुद्धपौर्णिमा होईपर्यंत दम नसायचा. बाबा पेटीवर, मी ढोलकावर, आणि मागे कोरसला चार बायका. रंजना पंधरा वर्षांची झाली तशी बाबांनी तिला कोरसमधून काढून पुढे बसवलं. तिचा आवाज ऐकून पेंडॉलच्या बाहेर चहा पिणारी माणसं कप हातात घेऊन आत यायची. सुगत आमच्या मागच्या गल्लीतला. माझ्याच वर्गात होता. त्याच्या नागपूरच्या मामानं त्याला गिटार दिली आणि अकरावीत असताना तो ती घेऊन विहारात, आमच्या तालमीला आला. बोटं चांगली होती, ते कबूल केलं पाहिजे. बाबांच्या जुन्या चालींखाली त्यानं गिटारचे सूर असे काही भरले की चाल तीच राहून नवी वाटायची. रंजनाचा आवाज त्या गिटारवर आणखी खुलायचा, हेही खरं. पण त्याला कोणासाठी थांबता येत नसे. गाणारा श्वास घेतो तेवढा वेळही त्याला जड जायचा. बाबा पेटी थांबवून म्हणायचे, "सुगत, म्हणणाऱ्याचा श्वास पाह्य रे बाप्पा. त्यानं श्वास घेतल्याबिगर तू पुढं काऊन पळतं?" सुगत हसायचा. "काकाजी, पब्लिक पुढं पळते, म्हणून मी पळतो." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि ते उत्तर ऐकून लोक हसायचे. लोक हसले की मूळ गोष्ट बाजूला पडायची. मी त्याला लय शिकवावी म्हणून वणा नदीच्या पुलावर नेऊन पावलं मोजत चालायला लावायचो. पुलाच्या मध्यापर्यंत तो माझ्याबरोबर असायचा. दुसऱ्या टोकाला मी पोहोचायचो तेव्हा तो आधीच तिथे उभा असायचा.

बाबा गेल्यावर पार्टी मोडली. मला जिनिंगमध्ये फिटरची नोकरी लागली होती, रंजना अंगणवाडीत सेविका झाली, सुगत दोन वर्षं पुण्याला एका ऑर्केस्ट्रात वाजवून परत आला. येताना त्यानं साबणाच्या डबीएवढं एक पेडल आणलं. डिले म्हणतात त्याला. गिटारची तार छेडली की सूर तर वाजतोच, पण क्षणभरानं तो पुन्हा वाजतो, मग आणखी हळू, मग आणखी... विहिरीत हाक मारावी तसं. रंजना त्या डबीसमोर बसून लहान पोरीसारखी हसली होती. मला त्यातली गुणगुण खटकली. सुराच्या मागे सतत एक बारीक घूं असा आवाज यायचा. अर्थिंगचा दोष होता. मी तो काढला, आणि जिनिंगच्या वर्कशॉपमधल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक उतरता पाटही त्याला करून दिला. त्यावर पेडल घट्ट बसायचं आणि पाय सरळ बटणावर पडायचा. तो पाट त्यानं शेवटपर्यंत वापरला. एका लेखात त्याचा फोटो छापून आलाय. खाली लिहिलंय, 'खास बनवून घेतलेला'.

सुगतच्या डोक्यात लूप होता. एक तुकडा वाजवायचा, पेडलनं तो धरून ठेवायचा, तो फिरत राहिला की त्याच्यावर दुसरा तुकडा टाकायचा, मग तिसरा. साबणाच्या डबीला ते झेपत नव्हतं. तिचा आवाज अर्ध्या सेकंदात परत यायचा. म्हणून आम्ही दोघं नागपूरला गेलो. सीताबर्डीवर वाद्यांचं एक दुकान होतं, तिथल्या माणसानं आमच्यासमोर दोन डबे ठेवले. पहिल्यात आवाज टाकला की तो प्रत्येक फेरीला थोडा धूसर, थोडा मऊ होऊन यायचा. दुकानदार म्हणाला, "ये पुरानी चीज है भैया, हर चक्कर में थोडा मैला होके आएगा. ये दूसरा वाला, जैसा डालोगे वैसा ही निकलेगा." सुगतला पहिला आवडला. त्यात गिटार सुंदर लागायची, जुने सूर हळूहळू मागे सरायचे आणि नव्यांना जागा करून द्यायचे. मी दुसरा घ्यायला लावला. कारण साधं होतं. आमच्या केरवा तालाचं एक आवर्तन बरोबर दोन सेकंदांत बसायचं, आणि दुसऱ्या डब्यात दोन सेकंद मावत होते. शिवाय त्यात टॅपचं बटण होतं. मी ढोलकावर लय धरायची, सुगतनं पायानं ती चारदा ठोकायची, की डबा तीच लय पकडायचा. धरून ठेवायचं बटण दाबलं की आतला तुकडा विझत नव्हता, फिरतच राहायचा. फक्त पाय समेवर पडला पाहिजे. केसभर उशिरा पडला की तुकडा लंगडतो, आणि मग प्रत्येक फेरीला तसाच लंगडतो. सुगतला समेवर पाय टाकायला मी शिकवलं. तीन महिने, विहारात, रोज नोकरीवरून आल्यावर.

ते दिवस चांगले होते, नाही कशाला म्हणू. आम्ही तिघं गिरडला वाजवलं, आर्वीला वाजवलं, समुद्रपूरला वाजवलं. रंजना एक ओळ म्हणायची, सुगत ती डब्यात धरायचा, आणि मग ती स्वतःच्याच आवाजाला जोड द्यायची. बायका तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. एक रंजना समोर, दुसरी स्पीकरमधून.

मग रोहणा झालं. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता, दुपारी चारचा, ऊन मी म्हणत होतं आणि सगळ्या गावाचे कूलर चालू असणार. तिसऱ्या गाण्यात व्होल्टेज पडलं. स्पीकर एकदा फुरफुरला आणि सावरला, पण पेडल बंद होऊन पुन्हा चालू झालं होतं. आतलं सगळं गेलं. सुगत नुसता पाय दाबत उभा होता. एकदा, दोनदा, दहादा. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी ढोलक थांबवला नाही. रंजनानं माझ्याकडे पाहिलं आणि बाबांच्या वेळेची जुनी चाल उचलली, आणि आम्ही दोघांनी वीस मिनिटं ते गाणं ओढून नेलं. लोकांना वाटलं, हे असंच ठरलेलं असेल. टाळ्या पडल्या. परतताना जीपमध्ये सुगत म्हणाला, "विलास, तू मोकळा वाजवून राह्यलता, म्हणून मले लूप परत धरता नाई आला."

रंजना म्हणाली, "सुगत, आम्ही तुले झाकून घेतलं."

तो खिडकीतून बाहेर बघू लागला. आभार मानणं दूर राहिलं, पुढच्या आठवड्यात मला चौकात दोघांनी विचारलं, "रोहण्याले तुह्या ढोलकानं घोळ केला म्हणे?"

आणि तरीही पुढचं पेडल मीच निवडलं. फिटर माणूस आहे मी. मशीन एकदा दगा देते म्हटलं की तिच्यावर उपाय शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी सुगतला म्हणालो, "लाइट गेली तरी आतलं आतच राहील असा डब्बा पाह्य." पुन्हा नागपूर. दुकानदारानं मोठा डबा काढला, त्यात डिले होता आणि शिवाय तुकडे साठवून ठेवायला दहा खाने होते. एकदा भरलं की तुम्ही मुद्दाम पुसेपर्यंत किंवा त्यावर दुसरं भरेपर्यंत जात नाही. मी दुकानातलाच एक ढोलक घेतला, चार आवर्तनं वाजवली, सुगतनं पाय दाबला. मग मी हात काढून घेतला आणि ऐकत बसलो. पाच मिनिटं झाली. ठेका तसूभर हलला नाही. दुकानदारानं प्लग काढून परत लावला, तरी ठेका होताच. मी सुगतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "हा घे बे. हा थकत नाई."

मीच म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत सुगतनं चार दुपारी आम्हाला विहारात बसवलं. "सरावाले लागते," म्हणाला. माझ्याकडून त्यानं केरवा निरनिराळ्या लयीत वाजवून घेतला, थापा, तुकडे, तिहाया, सगळं. बोटांना भेगा पडल्या होत्या माझ्या. चौथ्या दुपारी रंजनाचा आलाप. ती चाल तिची स्वतःची होती. बाबा गेल्यावर तिनं बांधली होती, शब्द नव्हते तिला, नुसता आकार. खालून सुरू व्हायची, तीन वळणं घ्यायची आणि एका श्वासात वरच्या षड्जाला जाऊन टेकायची. तिनं एकदाच म्हटली. सुगतनं पाय दाबला, उचलला, आणि म्हणाला, "बस. झालं." मला अजून आठवतं, रंजना म्हणाली होती, "आणखी एकदा घेऊ का? श्वास थोडा कमी पडला." तो म्हणाला, "काय गरज नाई. आता हे माह्याजवळ आहे."

त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. पुढच्या एप्रिलमध्ये आर्वीच्या मंडळाला मी विचारलं, या वर्षी कार्यक्रम कोणत्या तारखेला ठेवता? तिकडून उत्तर आलं, "सुगतभाऊ एकटेच येणार म्हणाले ना." मी गेलो. का गेलो माहीत नाही. संध्याकाळचे पाच वाजले असतील, उसाच्या रसाच्या गाडीपाशी गर्दीत उभा राहिलो. स्टेजवर सुगत, त्याची गिटार, माझा पत्र्याचा पाट. त्यानं पाय दाबला आणि माझा ढोलक सुरू झाला. माझीच थाप, माझीच तिहाई, डाव्या हाताची ती माझी सवय... आणि स्टेजवर ढोलकाच्या जागी कोणीच बसलेलं नाही. माझा हात मांडीवर चालू लागला होता, मी तो दुसऱ्या हातानं धरला. मग रंजना आली. म्हणजे तिचा आवाज आला. तिला तर सांगितलंही नव्हतं. ती त्या वेळी हिंगणघाटला घरी बसून अंगणवाडीचं रजिस्टर भरत असेल. गाणं संपल्यावर सुगतची नजर माझ्यावर पडली. त्यानं मान हलवली आणि माइकमध्ये म्हणाला, "हा ठेका आमच्या हिंगणघाटच्या मातीचा!" टाळ्या.

मातीचा. तीस वर्षांची ओळख, आणि माझं नाव माती.

स्टेजमागे जाऊन मी त्याला गाठलं. "अबे, नाव तं घे आमचं." तो घाम पुसत होता. म्हणाला, "विलास, लूपमधी नाव नाई राहत बे. आवाज राह्यते." आजूबाजूची पोरं वा वा म्हणाली. असलं काही बोलून गेला की तो आधी आजूबाजूला बघायचा, कोणी ऐकलं का म्हणून. त्या वर्षी तो कायमचा पुण्याला गेला. मी ढोलक भिंतीवर टांगला. मला कार्यक्रम मिळेनात असं नव्हतं, दोन-तीन पार्ट्यांनी बोलावलं होतं. पण हात उचलला की मला वाटायचं, हे तर तिकडे वाजतंच आहे.

माझं एवढं काही नव्हतं. रंजनाचं होतं. पुढे काही वर्षांनी तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. बोलता येतं, गाता येत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. त्यांचा दोष नाही. तिची मुलगी प्राची तेव्हा चार-पाच वर्षांची. ती मोठी झाली तसं तिला लोक सांगू लागले, तुझी आई काय गायची माहीत आहे का? प्राचीला आईचं गाणं आठवतच नव्हतं. आमच्याकडे जुन्या दोन कॅसेटी होत्या, त्या बाबांच्या काळातल्या, कोरसच्या, त्यात रंजना ओळखूही येत नाही. तिचा भरला आवाज जगात एकाच ठिकाणी होता.

रंजनानं त्या आवाजासाठी सुगतला फोन केला. तो म्हणाला, "पाठवतो." सहा महिन्यांनी पुन्हा केला. तो म्हणाला, घर बदललं आहे, सामान बांधलेलं आहे. तिसऱ्यांदा मी केला. तेव्हा म्हणाला, "विलास, ते आता माझ्या पीसमध्ये मिसळलंय. वेगळं निघत नाही." त्याचं बोलणंही तोवर पुण्याचं झालं होतं. मग तो एका लग्नाला हिंगणघाटला आला. रंजना मंगल कार्यालयात, जेवणाच्या पंगतीपाशी, सगळ्यांसमोर त्याच्याकडे गेली. तिला गर्दीत बोलणं जड जातं, तरी गेली. म्हणाली, "सुगत, पोरीले एकदा ऐकवाचं आहे, बस." आणि तो काय म्हणाला? "अरे रंजना! आवाज किती बदलला तुझा! काय मस्त खरखर आलीय, एकदा रेकॉर्ड करूया." हसून म्हणाला. लोक हसले. रंजनाही हसली, कारण काय करणार... त्या दिवशी घरी येऊन तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच हातात धरून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. मी तिला पुन्हा कधी फोन करू दिला नाही.

तर असा होता आमचा सुगत. थोर होता की नव्हता ते लिहिणाऱ्यांनी ठरवावं. मी एवढंच सांगतो की तो दुसऱ्याचं घ्यायचा आणि घेतल्याचं त्याला लक्षातही राहायचं नाही, आणि लक्षात आणून दिलं तर तो त्याचं एक छान वाक्य करायचा.

इथपर्यंतचं मी पाच आठवडे झाले तेव्हा लिहिलं होतं, आणि हे असंच छापायला पाठवायचं होतं. पाठवायच्या आधी सुगतची बायको मेघना आली. मी आधी लिहिलेल्यातला एक शब्दही बदललेला नाही. फक्त पुढचं जोडतो.

मेघना मूळची पुण्याची. आम्ही तिला एकदाच पाहिलं होतं, त्याच लग्नात. ती सासूला भेटायला आली होती आणि तिथून रंजनाच्या घरी आली. मलाही बोलावून घेतलं. तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती. तिनं त्यातून ते पेडल काढलं, माझ्या पाटासकट, आणि चटईवर ठेवलं. म्हणाली, "त्यांची इच्छा काय होती मला माहीत नाही. पण हे तुमच्याकडे असावं असं मला वाटलं." मग रंजनाकडे वळून म्हणाली, "ताई, तुमच्या आवाजाबद्दल मी त्यांना एकदा विचारलं होतं. केव्हाच पाठवला म्हणाले."

मी तोंड उघडलं. रंजनानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "हाव. पाठवला होता."

मेघनाला बरं वाटलं असावं. तिनं चहा घेतला, प्राचीची चौकशी केली, प्राची नागपूरला इंजिनिअरिंगला आहे हे ऐकून खूश झाली, आणि गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी रंजनावर ओरडलो, खोटं कायले बोलली म्हणून. ती म्हणाली, "तिचा नवरा मेला रे, दादा. तिले काऊन शिक्षा?"

रविवारी सकाळी ती पेडल घेऊन माझ्याकडे आली. मी घरातला छोटा स्पीकर काढला, पेडल जोडलं. मागच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर सुगतच्या अक्षरात दहा खान्यांची यादी होती. शाई फिकट झालेली. दोन आणि तीनसमोर 'विलास'. सातसमोर 'रंजना'. म्हणजे नाव राहत नाही म्हणणाऱ्यानं नाव लिहून ठेवलं होतं, ज्या बाजूला पब्लिक कधी बघत नाही त्या बाजूला. मी दोन नंबर लावला. ढोलक खणखणीत. तीन, तसंच. बाकीच्यांत त्याचे पुण्याचे तुकडे. मग सात. रंजना पदर सावरून ताठ बसली.

आधी माझा ढोलक आला. मग गिटार. मग एक पुरुष आवाज. सुगतचा. त्याला गाता येत नसे, हे त्याला स्वतःलाही माहीत होतं, तो कधी माइकसमोर गायला नाही. इथे तो रंजनाचा आलाप म्हणत होता. खालून सुरू केला, पहिलं वळण, दुसरं, तिसरं, आणि वर चढताना आवाज फाटला. त्यावर त्यानं दुसऱ्यांदा म्हटला होता, तोही तिथेच फाटला. त्यावर तिसऱ्यांदा. तिन्ही एकमेकांवर चढलेले, शेवटी एक खोकला, आणि पुन्हा पहिल्यापासून. रंजनाचा आवाज त्यात कुठेच नव्हता. कधी पुसला, मुद्दाम की चुकून पाय पडून, पुसल्यावर घाबरून त्यानं स्वतः ती जागा भरायचा प्रयत्न केला की काय... मला कळायला मार्ग नाही, आणि त्या क्षणी जाणूनही घ्यायचं नव्हतं.

"वरचा सा लागून नाई राह्यला त्याले," रंजना म्हणाली. "एक फोन केला असता तं सांगितलं असतं, श्वास कुठं घ्याचा."

मी बंद करायला वाकलो. ती म्हणाली, "राहू दे. अजून एकदा." ते फिरत राहिलं. तिचे ओठ हलत होते, बोटं चटईवर वळणं घेत होती. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. तो खोकला प्रत्येक वेळी येत होता. जीपमधला, आर्वीचा, मंगल कार्यालयातला सुगत माझ्यासमोर बसून माझ्या बहिणीचा आलाप फाडतो आहे आणि ती त्याला ऐकते आहे, असं मला वाटलं. त्या पेडलचं एक बटण दोन सेकंद दाबून धरलं की चालू खाना पुसला जातो. मला ते तिसऱ्याच फेरीला आठवलं होतं. मी पाय ठेवला आणि धरून ठेवला. आवाज तुटला.

"बंद काऊन केलं?" तिनं विचारलं. "लाव ना."

"नाई राह्यलं आता."

तिनं पेडलकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "पुसलं?"

"तो होता त्याच्यात," मी म्हणालो. "तुह्या आवाजावर चढून बसलता."

"आवाज त्याचा होता. चाल माही होती." तिला ओरडता येत नाही, त्यामुळे तिचा राग ऐकायला पुढे वाकावं लागतं. "मले ती पूर्ण आठवत नाई, दादा. गाणं सुटल्यापासून तिसरं वळण जमतच नवतं. आत्ता सापडून राह्यलं होतं."

मी चाल म्हणून बघितली. पहिलं वळण आलं, पुढे काही नाही. आयुष्यभर मी तिच्या मागे बसून ठेका धरला, चाल माझ्या कानात कधी ठरलीच नाही. ती उठली, चप्पल घातली आणि गेली.

आठ दिवस तिनं माझे मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही. काल मी तिच्या अंगणवाडीत गेलो. पोरांची खिचडी वाढून झाली होती, ती रजिस्टर घेऊन दारात बसली होती. मी म्हणालो, चुकलं माझं. म्हणालो, सुगतनं जे केलं त्याच्या रागात झालं. ती लिहीत राहिली. पान संपल्यावर तिनं पेन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं पुसलं तवा मी तिथं नवती," ती म्हणाली. "तू तं मले समोर बसवून पुसलं."